‘एवढे कसे हो, ताई?’ : लहान पार्लरमध्ये कामाच्या भावावरची हरकत कशी हाताळावी

पार्लरच्या कोर्समध्ये थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, हेअरकट असे सगळे शिकवले जाते. पैसे कसे सांगावेत, हे मात्र कोणी शिकवत नाही. त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी गाळा भाड्याने घेऊन, किंवा घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची मांडून, जी मुलगी नव्याने हा व्यवसाय सुरू करते, तिची खरी परीक्षा काम संपल्यावर पैसे घेताना होते. समोरची बाई ‘एवढे कसे हो, ताई?’ असे विचारते, किंवा अहिराणीत सरळ ‘भलतंच महाग शे’ असे म्हणते, आणि आपण गडबडून ‘बरं, शंभर कमी द्या’ असे बोलून जातो. त्या शंभर रुपयांचे नुकसान एका दिवसापुरते असते. परंतु ‘तिथे मागितले की कमी करतात’ हा निरोप संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत पोहोचतो आणि पुढची कित्येक वर्षे तो निस्तरावा लागतो.

मी बारा वर्षांपासून जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पार्लर चालवते आणि या काळात नव्याने सुरुवात करणाऱ्या बऱ्याच मुलींना हात धरून शिकवले आहे. या अनुभवातून माझे असे ठाम मत झाले आहे की भावावरची हरकत हा बहुतेक वेळा अर्धवट विचारलेला प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार असेल तर भाव पाडण्याची वेळ क्वचितच येते. पैसे कमी करायचेच असतील तर त्या प्रमाणात काम कमी करावे. तेच काम कमी पैशांत करून देऊ नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : आपला भाव आधी आपल्याला पटला पाहिजे

बहुतेक नव्या मुली शेजारच्या पार्लरचे दरपत्रक पाहून त्यातून दहा-वीस रुपये कमी करतात आणि तोच आपला भाव ठरवतात. असा उसना भाव कोणी विचारल्यावर टिकत नाही, कारण तो कुठून आला हे आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून वही घेऊन बसावे आणि एकदा शांतपणे हिशेब मांडावा. मी उदाहरणादाखल आकडे घेते; आपले आकडे प्रत्येकीने स्वतः घालावेत.

समजा, गाळ्याचे भाडे ४,००० रुपये, वीजबिल १,५०० रुपये, मदतनीस मुलीचा पगार ६,००० रुपये, खुर्ची व यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता २,५०० रुपये आणि टॉवेलची धुलाई, साफसफाई, फोन असा किरकोळ खर्च १,००० रुपये आहे. महिन्याचा हा खर्च १५,००० रुपये होतो. यात आपली स्वतःची मजुरी धरायची असते आणि नेमकी तीच नव्या मुली विसरतात, कारण घरच्या बाईच्या कष्टाला पगार असतो हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. तीही १५,००० रुपये धरली की एकूण ३०,००० रुपये झाले. महिन्यात २६ दिवस दुकान उघडे राहिले आणि दिवसाला सरासरी ५ तास प्रत्यक्ष हाताखाली काम असले, तर कामाचे तास १३० होतात. याचा अर्थ आपल्या हाताचा एक तास साधारण २३० रुपयांना पडतो.

आता एक फेशियल घ्या. फेशियलला एक तास लागतो आणि त्याआधीची तयारी व नंतरची स्वच्छता यात आणखी पंधरा मिनिटे जातात, म्हणजे सव्वा तास. त्याचे झाले साधारण २८८ रुपये. फेशियल किटचे १२० रुपये आणि कापूस, टिश्यू, हेअरबँड यांचे १५ रुपये धरले, तर फेशियल आपल्यालाच ४२३ रुपयांना पडले. आता कोणी ‘४०० घ्या ना’ म्हटले, तर ती बाई आपल्याच खिशातून २३ रुपये मागते आहे, हे आपल्याला डोळ्यांसमोर दिसते. ५०० रुपये भाव ठेवला, तर उरलेले ७७ रुपये रिकाम्या दिवसांसाठी, बिघडलेल्या स्टीमरसाठी आणि नव्या टॉवेलसाठी लागतात.

थ्रेडिंगचा, म्हणजे दोऱ्याने भुवया कोरण्याचा, हिशेब याच पद्धतीने केला, तर दहा मिनिटांचे ३८ रुपये आणि दोरा-पावडरचे दोन, असे ४० रुपये होतात. थ्रेडिंगबाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. गावातल्या प्रत्येक बाईला आयब्रोचा भाव पाठ असतो आणि त्या एका भावावरून ती संपूर्ण पार्लर महाग की स्वस्त हे ठरवते; केस मऊ-सरळ करणाऱ्या केराटिनचा किंवा स्मूदनिंगचा भाव तिला ठाऊक नसतो, म्हणून त्यावर ती तितकी अडत नाही. त्यामुळे आयब्रोचा भाव गावातल्या चालू भावाच्या फार वर नेऊ नये, पण ‘आयब्रोसोबत अप्पर लिप तर अशीच करून दे’ ही सवयही लावू नये. एकदा फुकट केलेली अप्पर लिप पुढच्या वेळी हक्काची होते.

दुसरी पायरी : भाव आधी सांगावा आणि पूर्ण सांगावा

दरपत्रक स्वच्छ मराठीत लिहून, खुर्चीत बसलेल्या बाईला दिसेल अशा ठिकाणी लावावे. बऱ्याच बायकांना भाव विचारायचा संकोच वाटतो, मग त्या काम करून घेतात आणि शेवटी आकडा ऐकून दचकतात. त्यांची हरकत बहुधा आकड्यावर नसते; अचानक ऐकावे लागल्याचा तो दचका असतो.

याबाबतची माझी स्वतःची चूक येथे सांगते. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी फलकावर ‘हेअर स्मूदनिंग १,५०० रुपयांपासून’ असे लिहिले होते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली एक विवाहिता आली. तिचे केस कमरेच्याही खाली होते आणि दाटही होते. मी साडेचार तास काम केले, जवळजवळ तिप्पट क्रीम लागले, आणि शेवटी ४,००० रुपये सांगितले. ती आरशात स्वतःचे केस पाहून हसत होती, ते हसू माझ्या डोळ्यांदेखत मावळले. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. त्यात पाचशेच्या तीन नोटा आणि रिक्षासाठी शंभराची एक नोट एवढेच होते. आईने दिलेले ते पैसे तिने फलक वाचूनच बरोबर आणले होते. मी १,५०० रुपये घेतले आणि तिला शंभराची नोट परत दिली. तिने फलक बरोबर वाचला होता. ‘पासून’ हा शब्द माझ्या डोळ्यांना दिसत होता आणि तिच्या डोळ्यांना फक्त आकडा दिसला होता, इतकेच.

त्या दिवसापासून माझ्या फलकावर ‘पासून’ हा शब्द नाही. मानेपर्यंत, खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत आणि कमरेखाली असे केसांचे चार भाव वेगवेगळे लिहिले आहेत, आणि दाट केसांना किती जास्त लागतील हेही त्याखाली लिहिले आहे. शिवाय कोणतेही मोठे काम सुरू करण्यापूर्वी मी केस मोकळे करून, हाताने लांबी दाखवून, ‘तुमचे केस इथपर्यंत आहेत, म्हणजे एवढे रुपये होतील आणि साधारण एवढा वेळ लागेल, करायचे ना?’ असे विचारते आणि होकार आल्याशिवाय केसांना पाणी लावत नाही. काम चालू असताना एखादी गोष्ट वाढवण्याची गरज वाटली, म्हणजे टॅनिंग जास्त दिसले किंवा डोक्यात कोंडा आढळला, तर तेथेच थांबून भाव सांगावा आणि विचारावे. मधल्या मध्ये काम वाढवून शेवटी बिल वाढवणे हे कितीही चांगल्या हेतूने केले, तरी फसवणुकीसारखेच वाटते.

तिसरी पायरी : हरकत कशाची आहे, ते ओळखावे

‘महाग आहे’ हे वाक्य एकच असले तरी त्यामागे निरनिराळी कारणे असतात, आणि कारण न ओळखता दिलेले उत्तर वाया जाते. म्हणून हरकत ऐकताच लगेच बोलू नये. हातातले काम क्षणभर थांबवावे, बाईकडे पाहावे आणि एकच प्रश्न विचारावा: ‘काकू, तुम्हाला किती वाटले होते?’ किंवा ‘याआधी कुठे केले होते का?’ या एका प्रश्नाने निम्मे काम होते, कारण उत्तरातून कारण आपोआप बाहेर येते.

काही बायकांजवळ त्या वेळी खरोखरच पैसे नसतात. खान्देशात बऱ्याच घरांचा पैसा शेतीच्या चक्रावर चालतो. दसऱ्याच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, कापूस विकला की घरात पैसा येतो, आणि पेरणीच्या दिवसांत तोच पैसा बियाणे-खतात जातो. जून-जुलैमध्ये ‘महाग’ म्हणणारी बाई दिवाळीनंतर त्याच भावाला हसत होकार देते. तिला भावाचे समर्थन ऐकवण्यात अर्थ नाही. तिच्या ऐपतीतले काम तिला अदबीने सुचवावे. दुसऱ्या बायकांना त्या पैशांत काय काय येते हेच माहीत नसते. त्यांना तपशील सांगावा. तिसऱ्या बायका केवळ सवयीने भाव करतात. आठवडी बाजारात भाजी घेताना जसे विचारतात तसेच येथे विचारतात आणि ‘नाही’ ऐकून त्यांना वाईटही वाटत नाही. त्यांना हसून, ठामपणे, एकदाच सांगावे: ‘काकू, सगळ्यांना हाच भाव आहे.’ त्यापुढे एक शब्दही जोडू नये. नव्या मुली येथेच चुकतात; ‘हाच भाव आहे’ म्हणतात आणि समोरची बाई गप्प बसली की घाबरून स्वतःच ‘बरं, पन्नास कमी द्या’ म्हणतात. ती शांतता सहन करायला शिकणे हे माझ्या मते या व्यवसायातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. मला स्वतःला त्यासाठी तीन-चार वर्षे लागली.

आणखी एक कारण असते आणि ते सहज ध्यानात येत नाही. मागच्या वेळचे काम त्या बाईला आवडलेले नसते, पण तोंडावर सांगायचा संकोच वाटतो, म्हणून ती भावावर बोलते. नेहमी मुकाट्याने पैसे देणारी जुनी ग्राहक अचानक घासाघीस करू लागली, तर ‘मागच्या वेळी काही कमी-जास्त झाले होते का?’ असे जरूर विचारावे.

चौथी पायरी : काम कमी करावे, भाव नव्हे

ज्या बाईला ५०० रुपयांचे फेशियल झेपत नाही, तिला ते ४०० रुपयांत देण्याऐवजी असे म्हणावे: ‘४०० मध्ये मी तुम्हाला क्लीनअप करून देते. त्यात मसाज आणि मास्क येणार नाही, पण चेहरा स्वच्छ होईल आणि ब्लॅकहेड्स निघतील. लग्नाला अजून महिना आहे. तेव्हा फेशियल करू.’ असे सांगितल्याने तिचा मान राहतो आणि आपला भावही राहतो. पूर्ण हाताच्या वॅक्सऐवजी अर्ध्या हाताचे, चॉकलेट वॅक्सऐवजी साधे, हेअर स्पाऐवजी नुसते तेल-मसाज, असे पर्याय आधीच विचार करून ठेवावेत. ऐन वेळी सुचत नाहीत.

हा नियम मी इतका धरून का ठेवते, याचे कारण एका लग्नात मिळाले. एका नवरीला मी ओळखीने मेकअपचे १,००० रुपये कमी केले होते. महिन्याभराने तिच्याच नात्यातल्या दुसऱ्या मुलीचे लग्न झाले. तिने एक शब्द न बोलता पूर्ण पैसे दिले, आणि मांडवात दोघींच्या बोलण्यात तो फरक उघडा पडला. पूर्ण पैसे देणारी मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही, आणि तिचा राग योग्य होता. जी बोलत नाही तिच्याकडून जास्त आणि जी बोलते तिच्याकडून कमी घेणे हा अन्यायच आहे.

सूट द्यायचीच असेल, तर ती सगळ्यांना सारखी आणि आधी जाहीर केलेली असावी. माझ्याकडे सोमवार ते गुरुवार दुपारी १२ ते ४ या वेळेत फेशियलवर सूट असते, कारण एरवी ती वेळ रिकामी जाते. भाव करणाऱ्या बाईला ‘मंगळवारी दुपारी या, तेव्हा कमी आहे’ असे सांगितले की तिलाही काही मिळते आणि माझ्या शनिवार-रविवारच्या गर्दीवरचा ताण कमी होतो.

पाचवी पायरी : तुलनेला उत्तर देताना

‘पलीकडच्या गल्लीत ३०० मध्ये होते’, ‘सुरतला माझ्या बहिणीने याहून स्वस्तात केले’, ‘हेच क्रीम ऑनलाइन कमी किमतीत मिळते’, या तीन तुलना रोज ऐकाव्या लागतात. पहिल्या दोन तुलनांत दुसऱ्या पार्लरबद्दल वाईट बोलण्याचा मोह होतो आणि तो प्रयत्नपूर्वक टाळावा. ती पार्लरवाली घराच्या खोलीत काम करत असेल, तिला भाडे नसेल, तिला तो भाव परवडतही असेल. आपण फक्त आपल्या कामाबद्दल बोलावे: ‘त्यांचे मला माहीत नाही. माझ्याकडे प्रत्येकीला धुतलेला टॉवेल असतो, किट तुमच्यासमोर उघडते आणि वॅक्सची पट्टी पुन्हा वापरत नाही.’ मात्र असे म्हणायचे तर ते अक्षरशः खरे असले पाहिजे. किट खरोखर तिच्यासमोर उघडले पाहिजे.

क्रीमच्या किमतीचा मुद्दा आमच्या भागात समजावणे सोपे आहे. जळगावच्या सराफ बाजारातून दागिना घेणाऱ्या बाईला घडणावळ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सोन्याचा भाव आणि घडणावळ पावतीवर वेगवेगळी लिहिलेली तिने पाहिलेली असते. ‘मावशी, क्रीम हे सोने समजा, त्याचा भाव सगळीकडे सारखाच. बाकीची माझी घडणावळ आहे’ एवढे सांगितले की ती मान डोलावते. हे सांगताना एक पथ्य मात्र पाळावे: पार्लरमधून शॅम्पू, तेल किंवा क्रीमची सीलबंद बाटली विकत असाल, तर छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नये. तसे घेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि फोनवर किंमत पाहणाऱ्या मुलींना तो लगेच कळतो.

अलीकडे आणखी एक हरकत येऊ लागली आहे: ‘जीएसटी कमी झाला, मग तुम्ही का कमी केले नाही?’ २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ही गोष्ट खरी आहे. पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. म्हणून तालुक्याच्या लहान पार्लरने ‘आम्ही जीएसटी कधी लावलाच नव्हता, त्यामुळे कमी होण्यासारखे काही नाही’ असे खरे ते सांगावे. नोंदणी असेल, तर मात्र बिलात फरक दिसलाच पाहिजे.

सहावी पायरी : लग्नाचे काम

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग याच दिवसांत मिळतो आणि भावावरून सर्वांत जास्त तेढही याच दिवसांत होते. त्यामुळे या पायरीवर थोडे जास्त लिहिते.

नवरीकडचे लोक भाव विचारायला येतात तेव्हा आकडा सांगण्याची घाई करू नये. आधी विचारावे: हळद, लग्न आणि स्वागत समारंभ यांपैकी कशाकशाचा मेकअप हवा, मुहूर्त किती वाजता, कार्यालय कोणत्या गावी, नवरीशिवाय आणखी किती जणी, साडी नेसवून द्यायची का, गजरा आणि दागिने कोण आणणार. या सगळ्याची उत्तरे वहीत लिहून घेतल्यानंतर भाव सांगितला, तर तो हवेतला वाटत नाही. चोपड्याहून शिरपूरकडच्या एखाद्या खेड्यात जायचे असेल, तर पहाटे चारला निघावे लागते, गाडीभाडे लागते आणि त्या दिवशी पार्लर बंद ठेवावे लागते. हे तिन्ही खर्च भावात धरावेत आणि प्रवासखर्च वेगळा दाखवावा.

उन्हाळी लग्नाचा भाव वेगळा का, हेही समजावता आले पाहिजे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो, मांडवात पंखा गरम हवा फेकतो, आणि साधा बेस, म्हणजे मेकअपचा खालचा थर, अक्षता पडेपर्यंतही टिकत नाही. त्यासाठी लागणारा वॉटरप्रूफ बेस, प्राइमर व सेटिंग स्प्रे महाग असतो आणि एक टच-अप करावाच लागतो. नवरीच्या आईला हे तोंडी सांगण्यापेक्षा आधीच्या उन्हाळी लग्नातले, त्या नवरीच्या परवानगीने ठेवलेले, दुपारी तीनचे फोटो दाखवावेत. पार्लरमधल्या दिव्यांखालच्या फोटोंपेक्षा ते अधिक पटतात.

आता करवल्यांचा प्रश्न. नवरीचा मेकअप संपत आलेला असतो, बाहेर वाजंत्री वाजत असते, आणि तेवढ्यात नवरीची मावशी दोन मुलींना आत आणून म्हणते, ‘ताई, यांना हलकंसं काही करून द्या ना, लिपस्टिक-काजळ तर लावायचंय.’ त्या हलक्याशा कामात अर्धा तास जातो, नवरीच्या पदराची पिन राहून जाते, आणि पैसे मागितले तर मांडवात आपणच लोभी ठरतो. यावरचा उपाय त्या दिवशी सापडत नाही. तो ठरवतानाच करावा लागतो. मी कागदावर ‘नवरी १, करवल्या २, त्याहून जास्त प्रत्येकीचे इतके रुपये, वेळ असल्यास’ असे स्पष्ट लिहिते आणि त्यावर नवरीच्या आईची किंवा वहिनीची सही घेते. मग लग्नघरात मला भाव बोलावा लागत नाही. मी एवढेच म्हणते, ‘मावशी, वहिनींना विचारून घ्या, त्यांच्याजवळ कागद आहे.’

तारीख पक्की करताना विसार घ्यावा. मी निम्मे पैसे आधी, आणि उरलेले मेकअप सुरू होण्यापूर्वी घेते. पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या घराकडे पैसे मागणे कोणालाच जमत नाही आणि ते शोभतही नाही. तिथी पुढे गेली तर विसार नव्या तारखेला वळता होईल का, लग्न मोडले तर किती परत मिळेल, हेही त्याच कागदावर असावे. ज्या घरात दुःखद प्रसंगामुळे लग्न पुढे गेले असेल, तेथे मी कागदाकडे न पाहता पूर्ण विसार परत देते; तेवढे मन प्रत्येक व्यावसायिकाने ठेवावे असे मला वाटते.

सातवी पायरी : नातेवाईक, शेजारीण आणि उधारी

लहान गावात निम्मे ग्राहक ओळखीचेच असतात. नणंद, जाऊ, शाळेतली मैत्रीण यांच्याकडून पैसे घेताना जीव कसानुसा होतो. अगदी जवळच्या चार-पाच जणींची नावे मनाशी ठरवावीत आणि त्यांचे काम प्रेमाने, पूर्ण फुकट करावे; बाकी सर्वांना दरपत्रक लागू ठेवावे. अर्धवट सवलतीने दोन्ही बाजूंना कमीपणा वाटतो.

उधारी शक्यतो देऊ नये. दिलीच, तर तिच्यासमोर वहीत लिहावी, तारीख घालावी आणि ‘पुढच्या वेळी आधीचे मिटवून मग करू’ असे त्याच वेळी सांगावे.

आठवी पायरी : काम झाल्यावर हरकत आली तर

भाव आधी सांगितलेला असूनही एखादी बाई शेवटी अडते. अशा वेळी इतर ग्राहकांसमोर आवाज चढवू नये. तिला बाजूला घेऊन, दरपत्रक व वही दाखवून, शांतपणे पुन्हा सांगावे. मात्र हरकत कामाबद्दलची असेल, म्हणजे एक भुवई बारीक झाली, रंग ठरला तसा आला नाही, तर पैशांचा विषय मागे ठेवून आधी चूक मान्य करावी, दुरुस्त होण्यासारखी असेल तर विनामूल्य दुरुस्त करावी आणि नसेल तर पैसे घेऊ नयेत. त्वचेला जळजळ झाली किंवा चट्टे उठले, तर भावाबद्दल एक शब्दही बोलू नये; थंड पाण्याने धुवावे, आणखी कोणतेही क्रीम चोळू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ही वेळ येऊ नये म्हणून केसांच्या रंगाची पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा रंग त्वचेवर लावून पाहण्याची चाचणी, ४८ तास आधी करावी. ‘दोन वेळा यायला लावतात’ अशी तक्रार होते, पण त्या तक्रारीपुढे कधीही नमू नये.

नववी पायरी : भाव वाढवताना

भाव लग्नसराईच्या तोंडावर वाढवू नये. अडचणीचा फायदा घेतला असे वाटते. चातुर्मासात लग्ने नसतात, हाताला थोडी उसंत असते, तेव्हा वरचा हिशेब पुन्हा मांडावा आणि श्रावणातला कानबाईचे रोट हा सण आटोपला की नवे दर लावून टाकावेत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत ते सगळ्यांच्या अंगवळणी पडतात. नवे दर लागू होण्याआधी तीन-चार आठवडे फलकावर तारीख लिहावी, नेहमीच्या ग्राहकांना स्वतः सांगावे आणि विसार घेतलेली कामे जुन्याच भावात करावीत. तीन वर्षे न वाढवता एकदम शंभर वाढवण्यापेक्षा दरवर्षी थोडे वाढवणे लोकांना मानवते.

शेवटी एक छोटे काम सांगते. काउंटरच्या खणात एक वेगळी वही ठेवावी आणि महिनाभर प्रत्येक हरकत तिच्यात लिहावी: तारीख, कोणते काम, बाई काय म्हणाली, आपण काय उत्तर दिले, तिने काम केले की ती परत गेली. महिन्याअखेरीस वही वाचली की दिसते, की दहा हरकतींपैकी सहा-सात एकाच कामावरच्या आहेत. मग त्या कामाचा हिशेब पुन्हा तपासावा. खर्च बरोबर असेल तर फलकावरचा मजकूर नीट नाही असे समजून तो बदलावा, आणि खर्च जास्त धरला गेला असेल तर तेवढा एक भाव सगळ्यांसाठी कमी करावा. माझ्या वहीत मागच्या वर्षी पेडिक्युअरवर सर्वांत जास्त हरकती होत्या; फलकावर ‘पेडिक्युअर’ या शब्दाखाली ‘टाचांच्या भेगा घासणे, नखे, मसाज, ४५ मिनिटे’ एवढी एक ओळ मी वाढवली, आणि पुढच्या महिन्यात त्या पानावर दोनच नोंदी झाल्या.